काकीसमोर आम्ही मराठीत बोलायचो

काकीला कॅन्सर आहे, हे आम्ही तिच्या समोर बसून बोलायचो.

मराठीत.

काका अकोल्याचे. बँकेच्या बदलीवर लखनऊला आले, सीतापूरच्या मुलीशी लग्न केलं आणि अलीगंजमध्ये घर करून राहिले. ९६ साली मी नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होते. घरात सगळं हिंदीत चालायचं. काकीला कळू नये असं काही असलं की मराठी.

भाजीत तेल फार झालंय. हे पाहुणे हलणार कधी. सगळं तिच्यासमोर, बिनधास्त.

कॅन्सर आधी स्तनाचा होता. ऑपरेशननंतर दोन वर्षं बरी गेली. मग पाठ धरली. तपासलं तर मणक्यात पसरलेला.

डॉक्टरांनी काकांना आणि मला बाजूला घेतलं. "देखिए, ये पाँच दिन की रेडिएशन बीमारी ठीक करने के लिए नहीं है. दर्द कम करने के लिए है. साथ में मॉर्फीन, घड़ी देखकर."

काकीला आम्ही सांगितलं, "हड्डी कमज़ोर है. सिकाई होगी." म्हणजे नुसता शेक.

परत येताना ती गाडीत मागच्या सीटवर आडवी. पुढे आम्ही दोघं.

"किती दिवस म्हणाले?" मी विचारलं.

"दोन महिने. फार तर तीन."

मागून काही आवाज आला नाही. आम्हाला वाटलं, झोपली.

रेडिएशनने दोन आठवड्यांत खरंच फरक पडला. पट्टा बांधून काकी उठून बसायला लागली. आणि बसल्या बसल्या एकच मागणं, "सीतापुर ले चलिए. अम्मा को देखना है."

तिची अम्मा ऐंशीच्या पुढची. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आम्ही रोज म्हणायचो, "पहले ठीक हो जाइए, दिवाली में चलेंगे."

भीती रस्त्याची होती. एखाद्या खड्ड्यात मणका दबला तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि खरं सांगू? आम्ही दमलो होतो. दर चार तासांनी गोळी, पोट साफ व्हायचं औषध, बेडपॅन, चादरी. त्यात सीतापूर कुठे काढायचं?

ती "हाँ, ठीक है" म्हणायची. हट्ट नाही, रडणं नाही.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ. मी तिच्या उशाशी दोडके सोलत होते. काका मला म्हणाले, "कसली दिवाळी. सप्टेंबर निघाला तरी खूप झालं."

काकी डोळे मिटूनच बोलली.

"तो इसी इतवार को ले चलिए न."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

"बाईस साल हो गए इस घर में. तेल वाली बात भी समझती हूँ."

काका उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभे राहिले. मी तिथेच रडले. गाडीतलं ते "दोन महिने" तिने ऐकलं होतं. आणि तरी आमच्या दिवाळीला रोज हो म्हणत होती, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जोखीम आहे, पण जाऊ द्या. रविवारी व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकली. दोन तासांच्या रस्त्याला चार लागले.

घर जवळ आल्यावर काकी एवढंच म्हणाली, "अम्मा को पता न चले."

अम्माने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "इतनी दुबली कैसे हो गई, बिट्टो?"

"कमर का दर्द है, अम्मा. सिकाई से ठीक हो रहा है."

आमचंच सिकाईचं खोटं.

चहा आला. अम्मा शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. अगदी तिथेच, जिथे हात लावू नये. काकीने पाठ हलवली नाही. कप खाली ठेवला, काकांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मराठीत बोलली.

"अहो, गोळी द्या. खूप दुखतंय."

"क्या कह रही है?" अम्माने विचारलं.

काकांचा हात खिशात. ते म्हणाले, "कह रही है, चाय अम्मा के हाथ की ही अच्छी लगती है."

सप्टेंबर निघाला नाही.

आज तिला जाऊन इतकी वर्षं झाली. काकी, माफ कर गं. मराठीतच म्हणतेय.