माफी पोळीपुरती

चूक माझ्या हातून झाली, हे आधीच सांगून टाकते. मग बाकीचं बिनधास्त सांगता येतं.

आमचं घर फ्रँकफर्टपासून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, तासाभरावर, गावाच्या अगदी टोकाला. मुलगा, सून कामावर गेले की घरात मी एकटी. मागे एका शेतकऱ्याचं कुरण. तीसेक गाई, तांबड्या-पांढऱ्या, गळ्यात दावं नाही पण दोन्ही कानांत पिवळे बिल्ले. माझं लहानपण गुरांमागे गेलेलं. शाळेच्या वेळेत मी रानात असायची, अक्षरं पुढे माझी मीच शिकले. पहिली पोळी गाईची, हे हाताला लागलेलं वळण. म्हणून इथेही रोज सकाळी नऊला तव्यावरची पहिली पोळी गार करायची, साडीखाली रबरी बूट चढवायचे आणि कोपऱ्यावर जाऊन कुंपणाच्या विजेच्या तारेवरून हात लांब करून द्यायची. एकदा झटका बसला. तो कुणाला सांगितला नाही.

पोळी खायची ती कळपाची म्होरकी. मी तिला थोरली म्हणायचे. मला इथली भाषा येत नाही, शेजारीण हसते, मी हसते, तेवढंच. थोरलीशी मात्र रोज पाच मिनिटं बोलणं व्हायचं. पण तिच्यामागून बाकीच्याही कोपऱ्यावर येऊन उभ्या राहू लागल्या, त्याचं पुढे काय होईल हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

थंडीच्या तोंडावर शेतकऱ्याला गाई गोठ्यात न्यायच्या होत्या. गोठा कुरणाच्या दुसऱ्या टोकाला, मधे दोन कुंपणांमधली अरुंद वाट. शनिवारी सकाळी तो आणि त्याची दोन माणसं प्लास्टिकचे पाइप घेऊन, मागून ओरडत गाई हाकायला लागली. गाई वाटेच्या तोंडापर्यंत जायच्या आणि वळून धावत थेट माझ्या कोपऱ्यावर. असं तीनदा. तिसऱ्यांदा कुंपणाचा खांब मोडला, आणि शेतकरी लालबुंद होऊन आमच्या दारात.

"अहो आई," सून म्हणाली, "ते विचारतायत, गाईंना इथे कोण काय घालतं?"

"सांग, मी. पोळी."

"ते म्हणतात, स्वयंपाकघरातलं गुरांना घालायला इथे कायद्याने बंदी आहे."

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी हात जोडले. चुकलं म्हटलं.

पण मुलाचं समाधान होईना. "आई, उद्यापासून मागच्या बाजूला जायचंच नाही. एखादी गाय रस्त्यावर गेली, गाडीवर आदळली तर? आपली हाफ्टफ्लिख्ट ते भरून देणार नाही." हाफ्टफ्लिख्ट म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा. इथे माणसं घरात देव मांडायच्या आधी तो काढतात. "तू हॉलच्या खिडकीतून बघत जा ना. तिथून दिसतात गाई."

खिडकीतून. म्हणजे आता माझं जग काचेएवढं. मी बूट चढवले.

"कुठे निघालीस?"

"माझ्यामुळे अडल्यात ना? मीच नेते. आणि त्यांना सांग, मागून ओरडणं बंद करा. गाईला मागून ढकललं की ती वळून बघते, कोण ढकलतंय ते. पुढे ओळखीचं माणूस लागतं."

"आई, तो माणूस चिडलाय."

"चिडू दे की."

सुनेने सांगितलं. शेतकरी माझ्या साडीकडे बघत राहिला, मग साडीखालच्या बुटांकडे. "आल्झो," म्हणजे बरं तर, म्हणाला आणि तारेची वीज बंद करायला गेला.

मी आत शिरले. थोरलीने माझे रिकामे हात हुंगले, नाराज झाली, पण "चल गं" म्हटल्यावर मागे आली. वाटेच्या तोंडाशी मात्र थबकली. शेतकऱ्याने पाइप उचलला. मी त्याला तळहात दाखवला, थांब म्हणून, आणि थोरलीच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून समोर बघितलं. वाटेच्या फाटकावर त्याचाच पिवळा कोट लटकत होता, एक बाही वाऱ्यावर फडफडत होती. तिन्ही वेळा गाई इथेच बुजून वळल्या होत्या की. म्हणजे सगळं पाप माझ्या पोळीच्या माथी मारायचं कारण नव्हतं.

कोट काढून हातावर घेतला आणि चालू लागले. मागून तीस गाईंच्या खुरांचा आवाज. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनीही बघितलं असतं.

गोठ्याचं दार लागल्यावर शेतकरी पहिल्यांदा हळू बोलला.

"ते म्हणतात, पोळी पुन्हा नाही," सून म्हणाली.

"नाही."

"आणि विचारतायत, कोटाचं तुम्हाला कसं कळलं?"

"सांग, वाकून बघितलं."

तो खाली बघून हसला. मी गव्हाणीतलं त्याचंच मूठभर गवत उचलून थोरलीच्या तोंडाशी धरलं. तो बघत बाजूला सरकला. पोळी काय, गवत काय, हात माझाच होता.

परतताना मुलगा म्हणाला, "माफी मागितलीस ते बरं केलंस, आई. आता तरी..."

"पोळीची मागितली," मी म्हटलं. "बाहेर पडण्याची नाही."

घरी आल्यावर सून माझे बूट धुऊन माळ्यावर ठेवायला निघाली. म्हटलं, राहू दे दारातच. नऊला लागतात.