ओलीची वैरीण

कुणाचं वैर भावकीशी असतं, कुणाचं बांधाच्या शेजाऱ्याशी. माझ्या बायकोच्या आत्याचं वैर ओलीशी आहे, आणि इतक्या निष्ठेनं केलेलं वैर मी दुसरं पाहिलेलं नाही. आम्ही बुलढाण्याला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी फरशी पाहिली, ओटा पाहिला, गच्चीवरून दिसणारा डोंगर पाहिला. आत्यांनी कपाट सरकवायला लावलं. मागच्या भिंतीला नाक लावून, डोळे मिटून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की गुरुजींना वाटलं, बाई कुलदेवतेला काही मागताहेत. मग वळून म्हणाल्या, "जावाईबापू, भित पानी पेऊन राह्यली." आम्ही सगळे हसलो. श्रावणात त्याच कपाटातल्या माझ्या लग्नाच्या कोटावर हिरवी लव उगवली, आणि त्यानंतर आमच्या घरात आत्यांच्या नाकाबद्दल विनोद करायची प्रथा बंद पडली.

भाचीसाठी उंद्रीला मुलगा पाहायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट तर अजून नातेवाइकांत सांगितली जाते. पोहे झाले, चहा झाला, मुलाचं शिक्षण झालं. आत्या म्हणाल्या, "न्हानीची मागची भित दाखवता काय?" मुलाची आई दचकली. भिंतीला आकाशी रंग नुकताच दिलेला होता. आत्यांनी नखानं थोडासा खरवडला आणि म्हणाल्या, "ताजा रंग अन् ताजं हासू, दोयच्याबी मांगं पाह्यलं पाह्यजे." मुलाकडची मंडळी ताठली, भाचीचा बाप घामाघूम झाला. तेवढ्यात मुलगाच पुढे आला. "हाव आत्या, आतला पाइप फुटला हाय. तुमी येऊन राह्यल्या म्हनून बाबांनी रंग मारला." आत्या खुलल्या. तिथल्या तिथे त्यांनी होकार देऊन टाकला. परतताना जीपमध्ये कुणीतरी कुरकुरलं, तर म्हणाल्या, "जो ओल लपवत नाही, तो बायकोपासून काय लपवीन?" भाचीचा संसार छान चाललाय. पाइपही बदलला.

या वैराचं मूळ धाड गावातल्या त्यांच्या घरात आहे. ते घर कुणा कापसाच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं. कापूस जमिनीपासून उंच राहावा म्हणून त्यानं बैठकीला सागवानी फळ्यांची जमीन केली आणि खाली पोकळी ठेवली. एवढी बुटकी, की माणसानं आत रांगतच जावं. कापूस गेला, पोकळी राहिली. मातीतून वाफ उठायची, फळ्यांना बुरशी धरायची, आणि बैठकीत पाय टाकताच जुन्या पोत्यासारखा वास यायचा. आत्यांनी एकटीनं युद्ध मांडलं. कुणाच्या तरी शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद आणून खालच्या मातीवर अंथरला. जोत्याचे बुजलेले झरोके मोकळे करून त्यांना जाळ्या बसवल्या; कोरडा वारा सुटला की ते उघडायचे, दमट हवा आली की पोत्यांनी झाकायचे. पन्हाळीचं पाणी पाइपानं लांब गटारात सोडलं. शेजारच्या सलमाभाभींचा मोगरा भिंतीला लागून होता, त्याचं पाणी खाली मुरायचं. त्यावरून दोघींचं महिनाभर बोलणं बंद होतं. शेवटी मोगरा पत्र्याच्या डब्यात लावला गेला, आणि आता भाभींकडून फुलांची पहिली ओंजळ आत्यांकडे येते. एवढं करूनही आत्या रोज पदर खोचून, बॅटरी घेऊन खाली रांगत जात. तिथे बशीत मीठ ठेवलेलं असे. मिठाला पाणी सुटलं, की त्या दिवशी घरात कुणाशी धड बोलत नसत.

हा आम्हाला छंद वाटायचा. गेल्या भाद्रपदात झड लागली, आत्यांचा गुडघा धरला, आणि मला बोलावणं आलं. "जावाईबापू, तुमाले सांगाले लाज वाटते, पन खाली जाऊन पाहा." माझ्या पोटाचा घेर पाहता मी आत शिरलो हेच नवल. कोपऱ्यात उंदरानं कागद कुरतडला होता, खालची माती ओलसर होती आणि वरच्या फळीवर पांढरी बुरशी धरू लागली होती. मी ती फडक्यानं पुसली, नवा तुकडा टाकला, कडेला विटा दाबल्या. तोवर वर फळ्यांवर खाट करकरली, आणि आतोबांचा, म्हणजे आत्यांच्या यजमानांचा आवाज आला. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला हा अबोल माणूस. दमा त्यांना फार वर्षांचा.

"काऊन त्या पाहुन्याले त्रास देऊन राह्यली? आता मले ओलीनं नाही, वयानं दम लागते."

"वयाचं देव पाहीन," आत्या म्हणाल्या. "फळ्यांखालचं माह्याकडं हाय."

आतोबा हसले. हसता हसता खोकला आला, आणि मग फळ्यांतून ऐकू येत राहिलं ते पाठीवरून फिरणाऱ्या हाताचं हलकं थोपटणं. खोकला थांबायला बराच वेळ लागला. थोपटणं त्यानंतरही चालूच होतं. मी हललो नाही. इतकी वर्षं या बाईच्या गमती सांगून मी मैफली जिंकल्या होत्या, आणि त्या कुणासाठी रांगतात हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा आत्या दाराशी भिंत धरून उभ्या होत्या. मी कपडे झटकत म्हणालो, "कोरडं हाय, आत्या." लंगडत आत गेल्या, आणि आतोबांना सांगताना ऐकू आल्या, "झोपा आता खुशाल."