आईच्या अंगात आलं तेव्हा

मी बारावीला होते. त्याच आठवड्यात पेशी ऊर्जा कशी मिळवतात, या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवून मी मिरवत होते.

खोपट भागातल्या आमच्या खोलीत आई रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून स्वतःच इन्सुलिन टोचून घ्यायची. नवरात्रातल्या त्या अष्टमीला तिने इंजेक्शन घेतलं आणि उपासही कडक धरला, साबुदाण्याचा दाणासुद्धा नाही. डॉक्टरांनी औषध चुकवू नका म्हणून बजावलेलं आणि उपास तिने जन्मात चुकवला नव्हता. मला हे माहीत होतं. मी काही बोलले नाही.

दुपारी टेंभी नाक्याजवळ मावशीकडे आरती सुरू झाली आणि आई डोलायला लागली. घामाने ब्लाउज भिजला, हात थरथरू लागले, तोंडाने काहीबाही बरळणं सुरू झालं.

"अगं, देवी आली हिच्या अंगात!" मावशी ओरडली. टाळ्यांचा जोर वाढला. एकीने आईला कुंकू लावलं, दुसरी ओटी भरायला पुढे झाली. मीही आधी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिले, मग हात जोडून डोकं टेकलं.

पाया पडताना आईच्या पावलांना हात लागला. पावलं गार आणि ओलीचिंब होती. स्नायू स्वतःपुरती साखर साठवतात, नाहीतर चरबी जाळतात. मेंदूकडे असा साठा जवळजवळ नसतोच, त्याला रक्तातून साखर यावी लागते. यकृताने ती सोडायची, तर सकाळच्या इन्सुलिनने त्यालाच अडवून धरलेलं. आईचा मेंदू उपाशी होता.

नैवेद्याची साखर मी पेल्यातल्या पाण्यात ओतून ढवळली. मावशीने मनगट धरलं. "उपास मोडतेस तिचा? देवीला शिवू नको!"

"देवीचाच प्रसाद आहे, मावशी. नको कसं म्हणेल ती?" माझा आवाज फाटला होता. मावशीचा हात सुटला.

घोट घोट पाजलं. अर्धं पदरावर सांडलं. मला वाटलं, गेली माझी आई. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. "हुशार आहेस. किती वेळ होत्या त्या तशा?"

"लगेच दिली साखर," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होती.