खोट्या तळ्याचा लेयर

“याला उडवा बॅनरवरून,” अण्णा म्हणाले.

‘याला’ म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला, भगवानरावांना. मी तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर होते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक प्लास्टिकची खुर्ची ओढून थेट आमच्या पाठीमागे बसतं आणि हुकूम सोडतं. अण्णा मूळचे शेतकरी. शहर वाढत वाढत लासूर स्टेशनच्या रस्त्याला त्यांच्या बांधापर्यंत आलं, तसे ते बिल्डर झाले.

दुष्काळाचं वर्ष होतं आणि अण्णांच्या स्कीमच्या बॅनरवर निळंशार तळं होतं. त्यात दोन बदकं. अण्णांनी सांगितलं म्हणून मीच टाकलेली. पहिली प्रिंट पाहून भगवानराव चारचौघांत म्हणाले होते, “प्यायला पाणी नाय अन् बदकं पवायला लावता व्हय?” अण्णांना ते झोंबलं होतं.

लेयर म्हणजे काय, ते आधी सांगते. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा समजा. एकीवर अण्णा, एकीवर भगवानराव, एकीवर तळं, सगळ्यात खाली साइटचा खरा फोटो. वरून पाहिलं की मिळून एकच चित्र दिसतं. प्रत्येक लेयरच्या नावाशेजारी एक छोटा डोळा असतो. त्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो, पण फाइलमध्ये राहतो. डिलीट केला की गेला.

मी डोळा मिटला. त्यात शहाणपण काही नव्हतं. भगवानरावांच्या फेट्याच्या कडा नीट कापायला मला तासभर लागला होता, तो वाया घालवायची माझी तयारी नव्हती.

दुपारी अण्णा धापा टाकत परत आले.

“मॅडम, भगवानला परत घ्या. तो हिकडंच निघालाय.”

“काय झालं?”

“रागाच्या भरात मीच त्याला फोनवर बोलून बसलो, तुला काढून टाकलं म्हणून. त्यानं विहिरीवरची मोटर बंद केली.”

घोळ मोठा होता. परवाच अण्णांच्या सॅम्पल घराचा स्लॅब टाकून झाला होता. नव्या स्लॅबला बरेच दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. टँकरवाला आठ दिवसांनंतरचं बोलत होता. जवळपास पाणी होतं ते फक्त भगवानरावांच्या विहिरीत.

“सापडंल ना तो?” अण्णांनी विचारलं.

“फक्त डोळा मिटलाय.”

“कुणाचा?”

तेवढ्यात भगवानराव आलेच. अण्णांच्या खुर्चीवर बसले, अण्णा उभे राहिले. मी क्लिक केलं, फेट्यासकट भगवानराव बॅनरवर आले. पण ते चित्राकडे बघतच नव्हते. उजवीकडे लेयरची यादी होती, ती वाचत होते.

लेयरला नाव दिलं नाही तर पुढे काही सापडत नाही, म्हणून मी नावं द्यायचे. फक्त मनात येतील ती द्यायचे.

“‘फोटो मोठा करा.’ हे कोण?”

मी हळूच अण्णांकडे बोट केलं.

“‘खोटं तळं.’” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढचं वाचलं. “‘रुसलेला भाऊ.’”

नोकरी गेली हे मी धरूनच चालले, पण आता तो स्लॅबही माझ्यामुळे तडकणार होता.

“नाव कुणी ठिवलं?”

“मी. अण्णांनी पहिल्या दिवशी तशीच ओळख करून दिली होती.”

अण्णा पंख्याकडे बघायला लागले.

“सकाळी मला काढलं व्हतं का नाय? खरं सांगा.”

“दिसत नव्हतात. पण फाइलमध्येच होतात.” मी डोळा मिटून, उघडून दाखवला. त्यांनी ते तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा ते खुदकन हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

“लई भारी. आता त्या तळ्याचा डोळा मिटा.”

“आरं, मग बॅनरवर उरंल काय?” अण्णा म्हणाले.

मी तळं बंद केलं. खालून साइटचा खरा फोटो वर आला. मुरूम, दोन बाभळी, आणि कडेला भगवानरावांच्या विहिरीचा कठडा.

“हे उरंल,” भगवानराव म्हणाले. “ह्यात पाणी हाय.”

अण्णांनी वाकून तो कठडा जवळून पाहिला. मग म्हणाले, “छापा.”

भगवानरावांनी तिथूनच घरी फोन करून मोटर चालू करायला सांगितली. मी लेयरचं नाव बदलते म्हटलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. फकस्त अण्णाचंबी बदलू नका.”

स्लॅबला तडा गेला नाही. बॅनर लागल्यावर लोक थांबून विहिरीचीच चौकशी करायचे.

हल्ली मी नवशिक्यांना हेच काम शिकवते. लेयर डिलीट करू नका, डोळा मिटा, हे पहिल्याच दिवशी सांगते. आणि नाव असं द्या, की पाठीमागे बसलेल्या माणसाने मोठ्याने वाचलं तरी चालेल.

त्या दिवशी निघताना अण्णा दारातून मागे आले होते. “मॅडम, तळं डिलीट नाय ना केलं? पाऊसकाळ बघून ठरवू.” त्यानंतर चांगले पावसाळे झाले, अण्णांची नवी बॅनरंही झाली. प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःचा फोटो मोठा करून घेतला. तळ्याचं मात्र पुन्हा कधी नाव काढलं नाही.