दादाच्या दातांचे आठ महिने

सकाळी भांडुपहून भाच्याचा, सुनीलचा फोन आला. "आत्या, बाबा गेले." दादाला झोपेतच हार्ट अटॅक आला होता. मुलुंडहून रिक्षाने पोचले, तर दारातच कुणीतरी हळहळत होतं, "आठ महिन्यांमागेच दात बसवले होते हो... वाया गेले." आणि सुनील मान डोलावत होता. महिना उलटला, तरी ती मान माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय. गोड गोड लिहायला मला जमणार नाही.

दादा घरातला थोरला. आम्हा मालवणी लोकांत नारळ ठेवून, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतात ते थोरल्यानेच, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. थोरला समोर असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. दादाचा आवाज खणखणीत. पण दात गेले, कवळी आली. वरची टाळूला धरून बसायची, खालची मात्र बोलताना जिभेबरोबर उचलली जायची. सुनीलच्या मुलीच्या बारशाला ती ऐन गाऱ्हाण्यात सुटून नारळाच्या ताटात पडली. सगळे हसले, सुनील सगळ्यांत जास्त. दादाने कवळी उचलली, धोतराला पुसली आणि आत निघून गेला. पुढची सहा वर्षं आमच्या घरात नारळ मुक्यानेच ठेवला गेला. दादा भात कुस्करून गिळायचा, आणि तळलेल्या सुरमईचं ताट आलं की "भूक नाय" म्हणून उठायचा.

माझ्या स्वतःच्या दोन दाढा इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्क्या केलेल्या. आधारासाठी शेजारचे धडके दात कोरून बारीक करावे लागले नाहीत, काढून वाटीत ठेवायची भानगड नाही, चावताना आठवतही नाही की त्या माझ्या नव्हेत. म्हणून मी दादाच्या मागे लागले. सुनील म्हणायचा, "आत्या, या वयात कशाला ना? हाडात ड्रिल मारणार यार." जसा काही जबडा त्याचाच! दादा त्याचीच री ओढायचा. "माका आता खंय लग्नाक उभा रवाचा हा गो?" दोघांचाही राग यायचा. दादा गेला तरी त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही. शेवटी मीच त्याला डेंटिस्टकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, दात गेले की खालचं हाडही झिजत जातं. आणखी थांबलात तर स्क्रू धरायला हाड उरणार नाही." म्हणजे ती सहा वर्षं नुसती गप्प राहण्यात गेली नव्हती, दादाचा जबडाही झिजत होता. तरी खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला पुरेसं हाड होतं. चार स्क्रू बसवले, चार महिने हाडाला ते धरू दिले, मग वर पक्के दात. त्या चार महिन्यांत दादा निमूट पेज प्यायला. घाई करणाऱ्यांतला तो कधीच नव्हता.

दात बसल्यावर माझ्यासमोर त्याने ओल्या खोबऱ्याची कातळी चावून खाल्ली. मग आणखी एक मागितली. मी उरलेलं खोबरंच त्याच्यापुढे ठेवलं. गणपतीत तो उभा राहिला आणि गाऱ्हाणं घातलं. एकही नाव चुकलं नाही, एकही अक्षर सांडलं नाही. हे वाया गेलं म्हणतात!

परवा सुनीलच्या मुलीची शाळा सुरू झाली, म्हणून नारळ ठेवला. आता घरातला थोरला सुनील. तो ताटापुढे उभा राहिला, दोन शब्द म्हणाला आणि अडला. पुढचं त्याला येईना. आधी लक्ष दिलं नाही, मग सहा वर्षं ऐकलंच नाही, तर येणार कुठून? मग त्याने मोबाइल काढून ताटाशेजारी ठेवला. गणपतीतलं रेकॉर्डिंग होतं. "बा देवा म्हाराजा... माझ्या सुनीलाक बळ दी..." घरभर दादाचा आवाज. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. सुनीलला म्हणवेना.

रेकॉर्डिंग संपल्यावर तो माझ्याकडे वळला. "आत्या, याच्या आधीचं काही आहे का गं तुझ्याकडे? बाबांचं?"

"नाही," मी म्हटलं. "आधी त्याला बोलू कुठे दिलंत?"