मानेचे दोन स्नायू

शिरोलीच्या सलूनमध्ये एक म्हातारा मालीश करायचा. आखडलेली मान घेऊन मी एकदाच त्याच्याकडे गेलो. कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा स्नायू त्याने चिमटीत धरला.

"पावणं, ह्यो उजवा आवळला की तोंड डावीकडं फिरतंय, डावा आवळला की उजवीकडं. दोन्ही एकदम आवळलं की मान खाली! तुमचं दोन्ही बी दगड झाल्यात. सायबाम्होरं लई मान हलवताय की!"

सलूनभर हशा पिकला. मीही हसलो, तेवढं मला चांगलं जमतं.

कारखान्यात साहेबांनीच सुरक्षेचं गार्ड काढायला लावलेल्या मशीनमध्ये माझ्या सोबत्याची बोटं गेली होती. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "चूक त्याचीच ना?" त्याची नोकरी गेली. तोंडाने मी 'हो' म्हटलंच नव्हतं, असं वर्षभर स्वतःला समजावत होतो.

मान मात्र हलवली होती.