गलाईवाल्यांच्या गावात: बंगला एकीचा, गाडी दुसरीची

सुषमाचं आमंत्रण फोनवर आलं. "नव्या बंगल्याची वास्तुशांत आहे, दुसऱ्या दिवशी गावची यात्रा. सवड काढून ये. आणि तुझं ते ‘पोकळ, पोकळ’ साताऱ्यातच ठेवून ये."

हे ‘पोकळ’ प्रकरण आधी सांगायला हवं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवते. माझा पेपर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या अमेरिकन कादंबरीचा. अचानक हातात आलेला पैसा, मोठाले बंगले, त्यातल्या पार्ट्या, नव्या श्रीमंतांना बघून नाकं मुरडणारे जुने श्रीमंत, युद्धावरून परतल्यावर कशातच मन न रमणारी तरुण माणसं, आणि बाजार कोसळल्यावर घरदार सोडून निघालेले शेतकरी. सुषमा आणि मी कोल्हापूरला हॉस्टेलच्या एका खोलीत राहून हाच पेपर शिकलो. मी म्हणायचे, श्रीमंती आतून पोकळ असते, एवढंच ही पुस्तकं सांगतात. ती म्हणायची, "तू वाईची. तुमच्या घरात पुस्तकांची कपाटं होती, म्हणून तुला पैसा पोकळ दिसतो. ज्याच्या घरात कपाटच नव्हतं त्याला विचार."

सुषमा गलाईवाल्यांच्या घरातली. विट्याच्या आसपासच्या दुष्काळी गावांतून माणसं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ पेठांत पसरली. मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. लग्न होऊन ती आधी सासरच्या गावी राहिली, मग कोइमतूरला गेली. विलासरावांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, तिथे दुकान आहे. ही मंडळी कमाई तिकडे करतात आणि बंगला इकडे बांधतात. वर्षभर कुलूप, यात्रेला तेवढं उघडायचं. खरं सांगायचं तर मैत्रिणीच्या ओढीइतकीच मला त्या कुलूपबंद बंगल्यांची ओढ होती. फोटो काढून वर्गात दाखवायचे, असा बेत होता.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास फारच स्वस्तात होतो. उंब्रजला गाडी थांबली, तिथे चहा आणि गरम वडापाव घेतला. कऱ्हाडला गाडी बदलायची, मग ओगलेवाडी, कडेगाव करत विटा. रस्ता आता झकास झालाय. कडेगाव सोडलं की पूर्वी नुसता माळ दिसायचा. आता कॅनॉलचं पाणी आल्यापासून मधूनमधून उसाचे हिरवे तुकडे दिसतात. मी दुष्काळी माळ बघायच्या तयारीने गेले होते, तिथेच पहिला गोंधळ झाला.

विट्याहून पुढे वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणारी, जीप. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी आणि टोपी विसरू नका. आणि यात्रेच्या दिवसांतच जा, कारण एरवी या बंगल्यांत तुम्हाला कुणी भेटणार नाही.

गावात शिरताच बंगले सुरू झाले. दक्षिणेतल्या देवळांसारखी नक्षी कोरलेले खांब, मोरपंखी रंग, गच्चीवर फेटा बांधलेला सिमेंटचा मावळा. गेटाबाहेर तामिळनाडू, केरळ, आंध्रच्या पाट्यांच्या गाड्या. मी मोबाईल काढला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला, कारण एकाही बंगल्याला कुलूप नव्हतं. अंगणात पोरं क्रिकेट खेळत होती, ओरडाआरडा तमिळ आणि मराठीत मिळून चालला होता. इतकी भरलेली घरं मी पूर्वी पाहिली नव्हती.

सुषमा जरीच्या साडीत गेटपर्यंत पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मग तिने सगळा बंगला दाखवला. खाली संगमरवर, वर प्रत्येक खोलीला न्हाणीघर, स्वयंपाकघरात चिमणी. मी चहाचं आधण ठेवावं म्हणून पातेलं शोधायला गेले तर कपाटं रिकामी. सगळं जेवणखाण केटररचं होतं. घरात साधा तवासुद्धा नव्हता.

चहा शेवटी शेजारच्या पत्र्याच्या घरातून आला. घेऊन आल्या कमळअक्का. त्या नात्याने सुषमाची थोरली जाऊ. त्यांचे यजमान दत्तूभाऊ विलासरावांचे चुलतभाऊ आणि विलासरावांच्याच दुकानात भट्टीवर कामाला. भाऊ कोइमतूरला, अक्का गावात. मुलगा फौजेत, मुलगी सासरी गेलेली. घरात त्या आणि एक म्हैस. नवरा यात्रेला येतो तेवढाच भेटतो.

सुषमा त्यांना सोफ्यावर बसा म्हणाली. त्या फरशीवरच बसल्या. "गार हाय हितं. झ्याक लागतं," म्हणाल्या. खरंच गार म्हणून बसल्या की आणखी काही, मला कळेना. मी सोफ्यावर बसले होते. खाली बसावं तर नाटकी दिसेल, तसंच बसून राहावं तर वाईट. शेवटी मी उभी राहिले.

वास्तुशांतीला बासुंदी-पुरी आणि मसालेभात. सगळा गाव जेवला. गावच्या बायका सुषमाला हळदीकुंकू लावताना ‘सेठाणीबाई’ म्हणत होत्या. वीस वर्षं सासरच्या ज्या गावाच्या आठवणी ती मला फोनवर सांगत आली, त्या गावात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं दिसलं नाही. ती हसत होती, पण ते हसू मी हॉस्टेलपासून ओळखते.

दुसऱ्या दिवशी यात्रा. पालखी, धनगरांचे गजी ढोल, कुस्त्या, आणि दुपारी घरोघरी मटण. बाजरीची भाकरी आणि तांबडा रस्सा खायचा असेल तर या भागात कुणाच्या तरी घरी ओळख काढाच, हॉटेलात ती चव नाही. जेवणं झाली, बॅगा भरायला सुरुवात झाली. सकाळी सगळ्या गाड्या दक्षिणेला निघणार होत्या. सुषमा हात धुऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी येत नाही. मी इथंच राहणार आहे."

"किती दिवस?" विलासरावांनी विचारलं.

"दिवस नाही. राहणार म्हणजे राहणार."

"हा बंगला राहायला बांधलाय होय?" विलासराव एवढं मनापासून बोलले की कुणी हसलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुमच्या त्या अमेरिकन कादंबऱ्यांनीच हिचं डोकं फिरवलंय. तुम्हीच सांगा समजावून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्गात मी याच प्रश्नावर तासभर बोलू शकते. मोठं घर हे माणसाचं स्वप्न असतं, ते पुरं झालं की हातात काहीच उरत नाही, वगैरे. पण समोर सुषमा होती. ही आता पैशातून बाहेर पडत होती, की ते जुनंच स्वप्न आता घरात राहून पुरं करू बघत होती? मी म्हणाले, "मला खरंच समजत नाही." सुषमाने मान फिरवली. तिला माझी बाजू हवी होती.

तेवढ्यात दारातून कमळअक्का बोलल्या. "आवं भावजी, ती हितं ऱ्हातीया तर तिच्या जाग्यावर मला न्या की."

आधी सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. दत्तूभाऊ खाली बघत म्हणाले, "तितं कुटं ठिवू तुला? माळ्यावर चौघंजन झोपतो आमी."

"मग मी माळ्याखाली झोपंन."

विलासराव म्हणाले, "वैनी, कामगारांच्या बायका न्यायला लागलो तर दुकानाची धर्मशाळा होईल." हे ते दुष्टपणाने बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर खरंच अडचणी होत्या.

सुषमा ताडकन म्हणाली, "त्या कामगाराची बायको नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत."

अक्कांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "आता आठवलं व्हय?"

माझ्या पेपरातल्या कादंबऱ्यांत श्रीमंत बायका कंटाळतात, रडतात, निघूनही जातात. पण त्या उठून गेल्या की ती जागा मला द्या, असं म्हणणारी बाई मला त्यात आठवेना. असेलही, मीच कधी शोधली नसेन.

शेवटी सुषमा म्हणाली, "म्हशीचं मी बघते. माहेरी धारा काढायचे मी."

सकाळी गाड्या निघाल्या तेव्हा मागच्या सीटवर कमळअक्का होत्या. नवी चप्पल, हातात स्टीलचा डबा. दत्तूभाऊ ड्रायव्हरशेजारी. विलासरावांचं तोंड उतरलेलं, तरी त्यांनी बायकोला इन्व्हर्टर कसा लावायचा ते दोनदा सांगितलं. सुषमाने अक्कांना वाकून नमस्कार केला. अक्का म्हणाल्या, "लाथा झाडती ती. डाव्या अंगानं जाऊ नगंस." हा निरोप म्हशीबद्दल होता. गाडी वळली, आणि तासाभरात बंगल्यांची सगळी गल्ली रिकामी झाली. एकेका गेटाला कुलूप लागत गेलं. मला हवे होते ते फोटो आता सहज मिळाले असते. मी काढले नाहीत.

सुषमा माझ्यासोबत वडापने विट्यापर्यंत आली. भांड्यांच्या दुकानातून आम्ही तवा, पातेलं, उलथनं आणि दोन ताटं घेतली. एवढ्या मोठ्या बंगल्याची बाई एकच उलथनं घेते म्हणून दुकानदार चकित झाला. स्टँडवर उसाचा रस पिताना मी विचारलं, "घाबरलीस का?"

"हो," ती म्हणाली. "पण तू काल माझ्या बाजूनं बोलायला हवं होतंस."

"कुठली बाजू तुझी, तेच कळत नव्हतं गं."

"मला तरी कुठं कळत होतं!" आणि ती हसली. यावेळी खरं हसू होतं. मग माझी गाडी लागली.

साताऱ्याला परतून आता बरेच महिने झालेत. या प्रवासाने मला काय दिलं, हे लिहायला तीनदा बसले आणि उठले. तुम्ही त्या बाजूला गेलात तर बंगल्यांच्या नक्षीला हसू नका, एवढं नक्की सांगेन. त्यांच्यापुढे भारावूनही जाऊ नका. दोन्हींच्या मधे काय करायचं, ते मला माहीत नाही. वर्गात पूर्वी मी या कादंबऱ्यांचं सार एका वाक्यात लिहून द्यायचे. यंदा मुलांना म्हटलं, पुस्तकातल्या एखाद्या घराचा केर कोण काढतं ते शोधून आणा. काहींना सापडलं, काहींना नाही. परीक्षेत याला गुण कसे द्यायचे, याचा पत्ता नाही.

सुषमा पावसाळाभर गावात राहिली. धारा काढायला लागली, भाकरी गोल व्हायला लागली. पण गावच्या बायका येऊन हळूच विचारायच्या, "नवऱ्यानं टाकलं का?" नाही म्हटलं तरी पटायचं नाही. दिवाळी जवळ आली तशी ती मला म्हणाली, "मला वाटलं होतं घरी आले. पण इथं मी नुसती पाहुणी आहे. परत जातेय." मग माझी काळजी सुरू झाली ती कमळअक्कांची. ही परत गेली तर त्यांना माघारी पाठवतील का? न राहवून मी त्यांना फोन केला.

"येऊ दे की," अक्का म्हणाल्या. "मी काय तिच्या घरात ऱ्हाती व्हय? खोली घेतलीया आमी भाड्यानं. गल्लीत भट्टीवर काम करनाऱ्या आपल्या पोरांस्नी भाकरी करून देती मी. लय उकडतं हितं, वास बी लय मारतो भट्टीचा. पन मी काय माघारी येत न्हाई." मग म्हणाल्या, "तेवढी म्हैस इकू नगं म्हनावं तिला."

सुषमाने म्हैस विकली नाही. गावातल्या एका घरी अर्धलीने सांभाळायला दिली, म्हणजे होणाऱ्या वासरात दोघांचा वाटा. बंगल्याला कुलूप लावलं आणि गेली.

परवा तिचा फोन आला. कोइमतूरला पोचली होती. "स्टेशनवर उतरले तर न्यायला विलास नव्हते. अक्का आल्या होत्या. रिक्षावाला जास्त मागत होता, तर त्याच्याशी तमिळमध्ये भांडल्या अगं! मला बोलूच दिलं नाही. माझी बॅग स्वतः उचलली, दारापर्यंत सोडलं."

"मग आत आल्या का घरी?"

"नाही. किती म्हटलं, चहा तरी घ्या. म्हणाल्या, पोरांच्या भाकरी राहिल्यात, मला वेळ न्हाई. आणि गेल्या."

मी विचारलं, "मग तुला बरं वाटलं की वाईट?"

ती म्हणाली, "तेच तुला विचारायला फोन केला होता."